गाडी आपण बनवतो की नुसती जोडतो?

टूलरूमवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज साप्ताहिक सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलोय.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतो. २२ वर्षं झाली. गाडीच्या पत्र्याचे भाग ज्या डायमध्ये दाबून तयार होतात, त्या डाय आम्ही बनवतो. गेल्या आठवड्यात एका नव्या गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्याची डाय ट्रायलला होती. पत्र्यावर निळा रंग लावायचा, प्रेस हळू खाली आणायची, उचलायची आणि निळं डायवर कुठं उमटलं, कुठं कोरं राहिलं ते टॉर्च मारून बघायचं. जिथं जास्त लागलं तिथं ग्राइंडर आणि पॉलिश पेपर घेऊन घासायचं. पुन्हा निळं, पुन्हा प्रेस. आठ-आठ दिवस हेच. बोटांचा निळेपणा जेवायला बसलं तरी जात नाही.

तेव्हा आयटीआय करून नवीन लागलेला पोरगा मला म्हणाला, "काका, म्हणजे ही गाडी आपणच बनवली की!" मी मान हलवली, पण रात्री झोप लागेना. कारण त्याच दाराचा बाहेरचा पत्रा, जो रंग लागल्यावर लोकांच्या डोळ्यांत भरतो, त्याची डाय कोरियातून आली आहे. ड्रॉइंग बाहेरचं. माझ्या हातात आलेला आतला पत्रा उद्या दाराच्या अस्तराखाली झाकला जाणार.

२०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या खपल्या आणि पावणेआठ लाखांच्या घरात निर्यात झाल्या. २०२२ मध्ये आपण जपानला मागे टाकलं. आता विक्रीत चीन, अमेरिका आणि मग आपण. आणि तरीही हजार माणसांमागं गाड्या मोजायच्या तर तीस-पस्तीस. आमच्या टूलरूममधल्या पन्नास जणांत चारचाकी सहा जणांकडे, त्यातल्या चार जुन्या घेतलेल्या.

तर प्रश्न सरळ आहे. ह्याला गाडी बनवणं म्हणायचं की जोडणं? तुमच्यात या धंद्यातले बरेच जण आहेत. मनापासून सांगा.

कोयनाकाठ

बनवणंच म्हणायचं. डाय घासणारा माणूस बनवत नसेल तर कोण बनवतं? सविस्तर रात्री लिहितो.

कुर्ल्याचा_पेन्शनर

टूलरूमवाले, तुमचं लिखाण वाचून माझं अख्खं तरुणपण समोर उभं राहिलं.

कुर्ल्याला एलबीएस मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली कंपनी. ज्या माणसानं बंगळुरूला विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजांची गोदी काढली, त्याच माणसाचं हे तिसरं स्वप्न. माझं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक मिलिंग, त्या कारखान्याला पुरवठा करणाऱ्या एका मोठ्या वेंडरसाठी मी बुश आणि पिन करायचो. फियाट ११००, पुढं तिचंच पद्मिनी झालं. सत्तरीच्या दशकात त्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग इथं बनत होता. काच, टायर, कार्ब्युरेटर, गिअर, सगळं. तुमच्या व्याख्येनं शंभर नंबरी देशी गाडी.

पण ती गाडी मी लग्न केलं तेव्हा जशी होती, तशीच माझी मुलगी कॉलेजात गेली तेव्हाही होती. स्टिअरिंगला चिकटलेला तोच गिअरचा दांडा. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, मग नवं काही करायची गरज कुणाला? अॅम्बॅसेडरचंही तेच. आमच्याकडे म्हणायचे, हिच्यात हॉर्न सोडून सगळं वाजतं.

म्हणून माझं मत असं की सगळे भाग देशात झाले म्हणजे गाडी आपली झाली असं नाही. पुढची गाडी काढायची अक्कल आणि मुभा आपल्याकडं आहे का, ते विचारा. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मी त्या दिवशी नातवाला घेऊन टॅक्सी स्टँडवर उगाच उभा राहिलो होतो.

इंद्रायणी

कुर्ल्याचे काका, शेवटची ओळ वाचून घशात आवंढा आला. आमच्या बाबांची पद्मिनी थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. खंबाटकी घाटात तापली की बोनेट उघडून आम्ही भावंडं खाली बसून काकडी खायचो. ती काकडी आणि तो पेट्रोलचा वास, सुट्टी म्हटलं की मला तेच आठवतं.

सरळ_बोलतो

टूलरूमवाले, राग मानू नका, पण प्रश्नच चुकीचा मांडलाय. जगात कुठला देश अख्खी गाडी एकट्यानं बनवतो? जर्मन गाडीत झेक, हंगेरियन, चिनी भाग असतातच.

आणि जोडण्याला कमी लेखू नका. मारुतीचं बघा. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला गुडगावच्या कारखान्यातून पहिली ८०० बाहेर पडली. सुरुवातीला बहुतेक सगळं जपानहून पेट्यांतून यायचं. सरकारची अट होती की थोड्या वर्षांत भाग देशी करायचे. मग सुझुकीनं आपल्या जपानी वेंडरांना इथल्या उद्योजकांबरोबर बसवलं. रिजेक्शन मोजायला, माल वेळेवर पाठवायला, शॉपफ्लोअर स्वच्छ ठेवायला आपण तिथं शिकलो. त्याआधी भागांची गुणवत्ता काय होती ते कुर्ल्याच्या काकांना विचारा. आज चाकणपासून होसूरपर्यंत जे वेंडर उभे आहेत, त्यांची मुळं त्या जोडणीत आहेत.

आधी जोडा, मग बनवा, मग डिझाइन करा. कोरियानंही हेच केलं.

कुर्ल्याचा_पेन्शनर

खरं आहे. मारुतीचे भाग करणाऱ्या एका ओळखीच्याकडं गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की पिन पेटीत ओतत नाहीत, ट्रेमध्ये एकेक उभी ठेवतात. आम्ही पोत्यात भरून पाठवायचो.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून दोन शब्द.

'आधी जोडा, मग बनवा, मग डिझाइन करा' यातली तिसरी पायरी आपण ओलांडली आहे, हे कुणी सांगतच नाही. महिंद्रानं १९४७ पासून विलीजची जीप जोडली. पंचावन्न वर्षांनी, २००२ मध्ये, स्कॉर्पिओ काढली ती स्वतःच्या इंजिनिअरांकडून, नाशिकला. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना नवीन गाडीला जेवढा पैसा लागतो त्याच्या अगदी थोड्या भागात. वेंडरला ड्रॉइंग देऊन 'असं कर' म्हणण्याऐवजी 'हे काम असं असं व्हायला हवं, तू कसं करशील ते सांग' असं म्हणून त्यांना पहिल्यापासून बरोबर घेतलं. सातपूर-अंबडच्या कितीतरी छोट्या कारखानदारांनी तेव्हा पहिल्यांदा स्वतः डिझाइनवर डोकं चालवलं. माझे मामा त्यातले एक. सीटचा एक कंस त्यांनी सुचवला तसा घेतला गेला, ते अजून लग्नाकार्यात सांगतात.

आणि पुणेकरांनी टाटांची इंडिका विसरू नये. १९९८ च्या डिसेंबरात आली. आकार ट्युरिनच्या स्टुडिओच्या मदतीनं, पण गाडी पिंपरीची. उत्पादनाची लाइनसुद्धा कशी आणली? ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला, जहाजानं आणला आणि पुण्यात उभा केला. सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी आल्या, त्या सुधारून २००१ मध्ये व्ही-टू काढली. पुढं तीच गाडी २००३ पासून रोव्हरच्या नावानं इंग्लंडात विकली गेली. ज्या देशाच्या मॉरिसवरून अॅम्बॅसेडर आली, त्या देशात पुण्याची गाडी गेली.

टूलरूमवाला

गोदाकाठ, इंडिकाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पुण्यात आज एवढ्या टूलरूम का आहेत? टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९६६ च्या सुमारास पुण्यात पाय ठेवला तो ट्रक काढायला नाही. आधी मशीन टूल, डाय-फिक्स्चर आणि अॅप्रेंटिस पोरांचं प्रशिक्षण. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांचं म्हणणंच होतं की आधी हत्यारं बनवणारी माणसं घडवू, गाडी मागून येईल. माझे गुरू त्याच अॅप्रेंटिस शाळेतले. फाइल कशी धरायची हे त्यांनी मला तीन महिने शिकवलं. तीन महिने नुसती फाइल! टाटांच्या सुमो गाडीचं नावही त्या सुमंत मूळगावकरांवरूनच ठेवलेलं.

माझी खंत तीच आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या गोष्टीपासून सुरुवात केली, तिच्यात आपण शेवटच्या पायरीवर अडकलोय. आतल्या पत्र्याची डाय आम्ही झोपेत करू. बाहेरच्या पत्र्याची, त्या कडक घडीची, उन्हात एक लाट दिसता कामा नये अशी डाय टाटा-महिंद्रा-गोदरेजकडे होते, पण आमच्यासारख्या मधल्या टूलरूमला कुणी देतच नाही. 'अनुभव आहे का' विचारतात. दिल्याशिवाय अनुभव कुठून येणार?

शिरोलीची_भट्टी

नमस्कार. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, हा सगळा पट्टा ओतकामाचा.

टूलरूमवाले दादांचं दुखणं आमचंबी आहे. ब्लॉक, हेड, ब्रेक ड्रम, हाउसिंग, सगळं ओतून देतोय. रस १४०० अंशाच्या वर तापवायचा, साच्यात ओतायचा, थंड झाल्यावर हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. आमचा जुना मिस्त्री आवाजावरनं सांगतो आत पोकळी आहे का नाही. एक्सरेला पाठवलं की तेच निघतं.

पण बघा, भाव किलोवर. एवढं अवघड हेड ओतलं तरी किलोचा हिशेब. ज्यानं त्याला मशीन मारलं, चाचणी घेतली, शिक्का मारला त्याचा भाव नगावर. नगावर जायचं तर सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं पाहिजेत, सीएनसीला कर्ज पाहिजे, कर्जाला ऑर्डरचं पत्र पाहिजे आणि पत्र मागितलं की म्हणतात दर तीन महिन्यांनी शेड्यूल देतो. एका मोठ्या गिऱ्हाइकानं तोंडी भरवसा दिला म्हणून आम्ही २०१७ ला लाइन टाकली, सहा महिन्यांत मॉडेल बंद झालं. मशिनं उभी, हप्ता चालू. घरच्या चार एकरातली दीड एकर त्यात गेली. असो, उभं राहिलो परत.

जोडतो का बनवतो विचारताय, तर आम्ही तरी बनवतोयच. किलोनं.

कोयनाकाठ

शिरोलीचे दादा, 'किलोनं' हा शब्द डोक्यातून जाणार नाही आता.

सरळ_बोलतो

किलो आणि नग. अख्ख्या धाग्याचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. माघार घेत नाही, पण मुद्दा पटला.

हार्नेसताई

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चाकणजवळ वायर हार्नेसच्या कंपनीत लाइनवर आहे. गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा म्हणजे हार्नेस. आमच्या लाइनवर बहुतेक बायकाच. समोर एक मोठा फिरता बोर्ड असतो, त्यावर खुंट्या आणि रंगीत रेघा. एकेक वायर त्या रेघेवरून न्यायची, कनेक्टरमध्ये घालायची. बरोबर बसली की 'टिक' असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर पुढं जायचं नाही. शेवटी टेप गुंडाळायची, तीही ठरलेल्या ओढीनं. बोर्ड पुढं सरकतच असतो. एका गाडीत शेकड्यानं वायरी असतात. हे काम अजून मशीनला जमत नाही, बोटंच लागतात.

मी मूळची परभणीची. खराबवाडीत चौघी मिळून खोली आहे. सात वर्षांत माझे तीन ठेकेदार बदलले, काम तेच, बोर्ड तोच, पण कागदावर मी दर वेळी नवीन. कायम असलेल्या बाईचा पगार माझ्या दुपटीच्या वर. टूलरूमवाले दादांच्या आयटीआयच्या मुलाला जसं वाटलं तसं मलाही वाटतं. रस्त्यावर आमच्या मॉडेलची गाडी दिसली की इंडिकेटर लागला का बघते. लागला की म्हणते, माझी 'टिक' बरोबर बसली.

इंद्रायणी

हार्नेसताई, चुकलं तर काय म्हणता! या धाग्यावरचा सगळ्यांत मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे. लिहीत राहा.

टूलरूमवाला

ताई, तुमचं वाचून मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता गाडीत बसले की इंडिकेटर मारून बघणार.

स्टुटगार्टहून

मी इथं एका मोठ्या गाडी कंपनीच्या पुरवठादाराकडे आहे, आधी चाकणला होतो. दुसरी बाजू मांडतो.

माझ्या इथल्या टीममधला ब्रेकच्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग पुण्यात आणि बंगळुरूत लिहिला जातो. जर्मन गाडीचा मेंदू आपल्या पोरांनी लिहिलेला असतो आणि तिच्यावर नाव जर्मन असतं. म्हणजे डिझाइन करणारे हात आपल्याकडे नाहीत असं नाही, ते दुसऱ्याच्या गाडीवर काम करतात.

एक जुनं उदाहरण. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवतं? स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या बोनेटखाली तेच. रांजणगावला आणि मानेसरला बनायचं. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स हे धुराचे कडक नियम आले आणि एवढं खपणारं इंजिन संपलं. त्याची पुढची आवृत्ती काढायची की नाही हे ठरवणारं टेबल रांजणगावात नव्हतं. कुर्ल्याचे काका म्हणतात ती मुभा हीच.

तळेगावचंही बघा. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला, २०१७ अखेर कंपनीनं देशातली विक्री थांबवली, मग २०२० च्या डिसेंबरपर्यंत तिथून नुसत्या मेक्सिकोसारख्या देशांना गाड्या जायच्या, मग कुलूप. पुढं २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो घ्यायचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथं परत गाड्या बनायला लागल्या. कारखाना तोच, जमीन तीच, निर्णय एकदा डेट्रॉइटचा, एकदा सोलचा. फोर्डनं २०२१ मध्ये चेन्नई आणि सानंदमधून काढता पाय घेतला तेव्हाही तसंच.

मावळचा_गडी

तळेगावला कुलूप लागलं तेव्हा आमच्या गावातली निम्मी तरणी पोरं घरी बसली. कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावची गाडी. परत कारखाना सुरू झाला पण चाळिशीतल्या माणसाला कोण घेतो? नवे सगळे ट्रेनी, बाविशीतले. एवढंच सांगायचं होतं.

लातूरचा_शोरूमवाला

थोडं बाजाराकडे वळूया, कारण बनवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये आम्ही उभे असतो.

मी चौदा वर्षं गाड्या विकतोय. मी लागलो तेव्हा सोयाबीनचे पैसे आले की शेतकरी बायको-पोरांसकट यायचा, पहिली गाडी, आल्टो नाहीतर वॅगनआर. नारळ, हार, पेढे, आणि पोरगं मागच्या सीटवर प्लॅस्टिक न काढता बसायचं. आता माझ्याकडं येणाऱ्यांत पहिली गाडी घेणारा कमी आणि दुसरी-तिसरी घेणारा जास्त. विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांत सहाच्या वर उंच, एसयूव्ही धाटणीच्या. छोटी गाडी मागं पडत गेली, कारण तिची किंमत वाढली आणि पहिली गाडी घेणाऱ्याची मिळकत त्या वेगानं वाढली नाही. एअरबॅग, एबीएस, बीएस-सिक्स, सगळं २०१९ ते २०२१ च्या दरम्यान एकामागून एक आलं. वाईट नाही, पाहिजेच होतं, पण पंधरा लाखांच्या गाडीत ते खपून जातं, साडेतीन लाखांच्या गाडीत टोचतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीचा कर आधी सेस धरून २९ टक्के होता (डिझेलला ३१), तो १८ वर आला. त्या दसऱ्याला कितीतरी वर्षांनी दुचाकीवरून आलेलं कुटुंब चारचाकी घेऊन गेलेलं मी पाहिलं. एका बाईनं हेल्मेट हातात धरून डिलिव्हरीचा फोटो काढून घेतला. तरी वर महाराष्ट्रात रोड टॅक्स आहेच, पेट्रोलला ११ टक्क्यांपासून पुढं.

पेडण्याचो_भुरगो

चार मीटरची गोष्ट कुणाला माहीत नसेल तर सांगतो. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला अबकारी २४ वरून १६ टक्के केली. मग कंपन्यांनी काय केलं, सेडानची शेपटी कापली. २००८ ची इंडिगो सीएस, मग २०१२ ची डिझायर. आमच्या गोव्यात भाड्यानं गाड्या द्यायचा धंदा मोठा, माझ्याकडे अशा चार होत्या. पाहुण्यांच्या दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर! कराच्या एका रेघेनं अख्ख्या देशातल्या गाड्यांचा आकार ठरवला, अशी मोजमापाची गाडी दुसऱ्या देशात फारशी मागतही नाहीत.

सरळ_बोलतो

टाटांच्या नॅनोचा विषय कुणी काढला नाही अजून. जानेवारी २००८ ला दिल्लीत दाखवली, अख्खं जग बघत होतं. कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेतल्या सानंदला न्यावा लागला, त्यात वेळ गेला. पण माझ्या मते मुख्य कारण हे की 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का बसला. पहिली गाडी घेणाऱ्याला चार लोकांत मान हवा असतो. २०१८ पर्यंत उत्पादन जवळजवळ थांबलं. तरी लाख रुपयांत गाडी बसवायची म्हणून त्या इंजिनिअरांनी केलेला विचार मला आजही मोठा वाटतो.

इंद्रायणी

आणि सुरक्षितता? २०१४ मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं इथल्या पाच गाड्या आपटून पाहिल्या, पाचही शून्य. त्याच देशातल्या टाटांच्या नेक्सॉननं २०१८ च्या डिसेंबरात पाच तारे मिळवले. परदेशी कंपन्या त्याच गाड्या युरोपात दणकट विकत होत्या आणि इथं हलक्या. आपल्या कंपनीनं आधी करून दाखवलं, म्हणून गाडी 'आपली' असण्याचा फरक पडतो, टूलरूमवाले दादा.

रोजचा_चाकणकर

इतक्या गाड्या बनवणाऱ्या चाकणमध्ये तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला या एकदा. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसा, कंटेनर, ट्रेलरवर चढवलेल्या नव्या कोऱ्या गाड्या, सगळे एका जागी उभे. नव्या गाड्यासुद्धा आधी दोन तास ट्रॅफिकमध्ये बसतात. रस्ता आणि लोकल आधी द्या, मग गाड्यांचं बोला.

हार्नेसताई

हो. आमची बस खराबवाडीला पोचायला कधी कधी दीड तास लावते. चालत गेलं तर चाळीस मिनिटं.

गोदाकाठ

पुन्हा मूळ प्रश्नावर. मला वाटतं पुढची दहा वर्षं विजेच्या गाड्या ठरवतील. चाकणला महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात, टाटांच्या सानंदला. आकार आपला, बरंचसं सॉफ्टवेअर आपलं. पण बॅटरीतले सेल बहुतांश अजून चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली आणि इथल्या विजेच्या मोटर बनवणाऱ्यांची धावपळ झाली. मूठभर वजनाचं चुंबक, पण ते नसेल तर मोटर नाही. २०२१ मध्ये चिपसाठी गाड्या लाइनवर अडकल्या होत्या, तसंच.

शिरोलीची_भट्टी

विजेच्या गाडीला ब्लॉक नाही, हेड नाही. आमच्या पट्ट्यातले जाणते आत्तापासनं पंप, ट्रॅक्टर आणि निर्यातीकडं वळायलेत. मी मोटरच्या अॅल्युमिनियम हाउसिंगचे नमुने ओतलेत दोन. या वेळी मशीन मारूनच देणार, नगावर. तोंडी भरवशावर नाही, कागद हातात घेऊन.

स्टुटगार्टहून

टूलरूमवाले, एक विचारतो. बाहेरच्या पत्र्याच्या डायचं काम मिळायला नेमकं काय अडतं? मशीन की माणूस?

टूलरूमवाला

चांगला प्रश्न विचारलात. मशीन नाही, आमच्याकडं मोठी सीएनसी आहे. माणूसही आहे. दोन गोष्टी अडतात. एक, ट्रायलसाठी मोठी प्रेस हवी, ती भाड्यानं मिळते पण कंपनीच्या वेळेनुसार, रात्री दोनला. दुसरी, पत्रा दाबल्यावर सुटला की थोडा परत येतो, स्प्रिंगबॅक म्हणतो आम्ही. तो आधी ओळखून डायला उलटा बाक द्यायचा असतो. संगणकावर अंदाज येतो, पण शेवटचा अर्धा मिलिमीटर हातानंच. त्यासाठी दहा-बारा डाय चुकाव्या लागतात. त्या चुकांचा खर्च कोरियात मोठ्या कंपनीनं उचलला. इथं पहिल्या चुकीला पेमेंट अडकतं.

एक बातमी सांगायची राहिली. तुम्हा सगळ्यांचं वाचून मी धीर केला आणि मालकांशी बोललो. ते म्हणाले, बोनेट-दरवाजा कुणी देणार नाही, पण पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण, तळहाताएवढं, ते मागून बघू. बाहेरचाच भाग आहे, उन्हात दिसतो. एका देशी कंपनीनं चौकशीला होकार दिलाय. ड्रॉइंग पुढच्या सोमवारी.

कुर्ल्याचा_पेन्शनर

शाब्बास! झाकण तर झाकण. मीही पिनांपासूनच सुरुवात केली होती.

हार्नेसताई

दादा, झाकण उघडायची वायर आमच्या हार्नेसमधूनच जाते बरं का.

शिरोलीची_भट्टी

दादा, ते दाराच्या डायचं सांगा आधी. निळं किती टक्के बसलं?

टूलरूमवाला

कालपर्यंत ८५. खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात अजून कोरं दिसतंय. आयटीआयच्या पोराला दिलाय तो कोपरा. उद्या फर्स्ट शिफ्टला पुन्हा प्रेस मारणार.